कुलूपबंद गाण्यांची सहा वर्षे

आजोबांनी घेतलेली ७८ फेऱ्यांची तबकडी माळ्यावरून काढावी, धूळ पुसावी, चालू स्थितीतल्या ग्रामोफोनवर चढवावी. ती आजही वाजते. ज्या दुकानातून ती घेतली ते दुकान आज आहे की नाही, याच्याशी तबकडीला काही देणेघेणे नसते. याउलट २००५ साली अमेरिकेत रीतसर पैसे मोजून संगणकावर उतरवून घेतलेले गाणे पुढच्या संगणकावर वाजेलच, याची खात्री नव्हती. फाइल शाबूत, एकही बिट इकडचा तिकडे झालेला नाही, तरी गाणे मुके! असे का व्हावे?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या-उजव्या बाजूंसाठी स्वतंत्र, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख बिट भरतात. (विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा असा हा गुणाकार आहे.) म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ मेगाबाइट. टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिट वेगाने ते आणायचे तर दीड तासाहून जास्त वेळ लागणार.

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी यावर उपाय शोधला, तो आपल्या कानाच्या मर्यादेचा फायदा घेऊन. ढोल वाजत असताना त्याच्या जवळपासच्या पट्टीतला क्षीण आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो लिहून ठेवायचा कशाला? एमपी-थ्री पद्धतीत असा भाग कमी बिटांत उरकतात किंवा गाळतात. ४२ मेगाबाइटचे गाणे चारच्या आत बसले.

गाणे हलके झाले तसे ते हातोहात पसरू लागले. १९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि लोक एकमेकांच्या संगणकावरून गाणी फुकट उचलू लागले. न्यायालयाच्या आदेशामुळे २००१ मध्ये ते बंद पडले. पण रेकॉर्ड कंपन्यांच्या मनातली धास्ती गेली नाही. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने आयट्यून्सचे दुकान उघडले. २ लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात १० लाख गाणी खपली. मात्र कंपन्यांनी गाणी दिली ती एका अटीवर: प्रत्येक गाण्याला कुलूप हवे.

हे कुलूप गणिती होते. ध्वनीचे बिट एका किल्लीने सांकेतिक करायचे. ती किल्ली दुसऱ्या किल्लीत बंद करून फाइलमध्येच ठेवायची. आणि ही दुसरी किल्ली खरेदीदाराच्या संगणकाला दुकानाच्या संगणकाकडून मिळायची. अशी परवानगी आधी तीन आणि २००४ पासून पाच संगणकांना मिळे. या फाइलींच्या नावाला ‘एम-४-पी’ अशी शेपटी असे. शेपटी बदलून ‘एम-४-ए’ केली तरी कुलूप उघडत नसे, कारण नाव बदलल्याने आतले बिट बदलत नाहीत. गंमत अशी, की तेच गाणे साध्या सीडीवर उतरवायला मुभा होती आणि सीडीवर कुलूप नव्हते! दार भक्कम, खिडकी उघडी.

खरी पंचाईत किल्ली देणारा उठून गेला की होणार होती, आणि तसेच झाले. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये आपल्या कुलूप-पद्धतीला नाव दिले होते ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे ‘हमखास वाजणार’. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने झून हे यंत्र आणले. त्यावर ही गाणी वाजत नव्हती. एप्रिल २००८ मध्ये तिने एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना कळवले, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली गेली. याहूनेही सप्टेंबर २००८ अखेरीस आपला किल्ल्यांचा संगणक बंद करण्याचे ठरवले. ग्राहकांना भरपाई मात्र देऊ केली.

तोवर वारे फिरले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी एका खुल्या पत्रात विचारले, की सीडी बिनकुलपाच्या विकता, मग फाइलीच का बांधून ठेवता? (प्रश्न बिनतोड होता, पण त्याच कुलपामुळे ग्राहक ॲपलच्याच यंत्राला बांधलेले राहत, हेही विसरू नये.) त्याच वर्षी ईएमआय कंपनीने कुलूप काढले, ॲमेझॉनने बिनकुलपाचे दुकान थाटले आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सर्व गाणी मोकळी करण्याचे जाहीर केले.

भारतात आयट्यून्सचे दुकान आले ते डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे कुलपे निघाल्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लिपकार्टने फ्लाइट नावाने गाण्यांची विक्री सुरू केली होती. ती जून २०१३ मध्ये बंद झाली. ती गाणी साधी एमपी-थ्री होती. ज्यांनी ती वेळेवर उतरवून जपून ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात.