सॅन फ्रान्सिस्कोच्या रांगेत भिजताना

छत्री घट्ट धरा. फेब्रुवारी २००४ आहे, सॅन फ्रान्सिस्कोत रात्रभर पाऊस कोसळतोय आणि तुम्ही सिटी हॉलभोवतीच्या रांगेत उभे आहात. मोजे केव्हाच भिजलेत. ओल्या लोकरीचा वास, मधूनच गरम कॉफीचा. रस्त्यावरून गाड्या हॉर्न वाजवत जातात आणि रांगेतून आरोळी उठते. एक अनोळखी बाई तुमच्या हातात डोनट कोंबून पुढे सरकते.

इथे पुरुष पुरुषाशी, बाई बाईशी लग्न करायला आली आहे. शहरानं अशा लग्नांना परवाने द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या दिवशी पहिलं लग्न लागलं ते डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं. ५१ वर्षं सोबत राहिलेल्या दोघींचं. तुमच्या पुढच्या दोघी एकाच प्लास्टिकखाली कुडकुडताहेत. ‘ही आजारी पडली तेव्हा मला आयसीयूबाहेर ठेवलं,’ त्यांतली एक सांगते. ‘तुम्ही हिच्या कोण, म्हणाले.’

उजाडलं की मार्केट स्ट्रीटवरची जुनी ट्राम पकडा आणि कॅस्ट्रो या समलिंगींच्या वस्तीत उतरा. कॅफेच्या काचा वाफेनं धुरकटल्यात, तव्यावर बेकन चरचरतंय. शेजारच्या टेबलावर पिकल्या मिशांचे एक गृहस्थ तावातावानं बोलताहेत. ‘लग्न? नवरा-बायकोच्या चौकटीतून सुटायला आपण रस्त्यावर उतरलो होतो! एड्सच्या दिवसांत मित्रांच्या उशाशी कोण बसलं? मित्रच. आपल्यात कुणाचंच लग्न झालेलं नव्हतं, मग ते कुटुंब नव्हतं? विमा, दवाखाना हे सगळं लग्नाला का बांधायचं?’

समोरचा मित्र कप आपटतो. ‘माझ्याकडे लग्नाचा कागद असता, तर माझा जोडीदार गेल्यावर त्याच्या आईवडिलांनी मला घराबाहेर काढलं नसतं.’

दोघांचे आवाज चढतात. अख्खं कॅफे वळून बघतं. दोघांनीही माणसं पुरली आहेत.

परत सिटी हॉलला या. संगमरवरी जिन्यावर ओल्या बुटांचे ठसे, टाळ्यांचा गजर, दूरदूरच्या अनोळखी लोकांनी पाठवलेल्या फुलांचा घमघमाट. अर्जावर नवरा-नवरी नाहीत. पहिला अर्जदार, दुसरा अर्जदार आहेत. ऑगस्टमध्ये कोर्ट ही जवळपास ४,००० लग्नं रद्द ठरवणार आहे.

रांगेतल्या त्या दोघींना कागद मिळायलाच हवा. आणि उद्या कॅफेतल्या त्या गृहस्थांच्या उशाशी त्यांचा मित्र बसायला आला, तर दवाखान्यानं त्याच्याकडे कागद मागू नये.