तुरीनमधील एक कुरण

जगातील ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पर्यंतच्या माहितीवरून काढला. असे काही कानी आले की आपण वडीलधारी माणसे मुलांच्या आळसाला बोल लावून मोकळे होतो. परंतु मूल धावेल की बसून राहील, हे केवळ त्याच्या मनावर अवलंबून असते काय? डॉन बॉस्को यांच्या कार्याची पहिली काही वर्षे या दृष्टीने फार बोलकी आहेत.

त्या काळी बिएल्ला, लोंबार्दी अशा भागांतून अनेक किशोर गवंड्यांच्या हाताखाली राबण्यासाठी तुरीन शहरी येत. सहा दिवस विटा-चुना वाहणाऱ्या या पोरांना अंगमेहनतीची वाण नव्हती. वाण होती खेळाची. रविवारी त्यांना ना घर, ना अंगण. ८ डिसेंबर १८४१ रोजी बार्तोलोमेओ गारेल्ली हा असाच एक पोरका मुलगा नवदीक्षित डॉन बॉस्को यांना भेटला आणि रविवारचा मेळा सुरू झाला. मिस्सा, धर्मशिक्षण आणि मग मनसोक्त खेळ. बालपणी बेकी या खेड्यात दोरीवर चालून दाखविणारे हे धर्मगुरू झगा सावरीत स्वतः मुलांबरोबर धावत. नुसता उपदेश करणारा मनुष्य त्या पोरांना थोपवून धरू शकला असता, असे मला वाटत नाही.

खरी अडचण होती जागेची. एका दफनभूमीच्या चॅपेलजवळ त्यांना जेमतेम एक रविवार मिळाला. दोरा नदीकाठच्या गिरण्यांपाशी गोंगाटाच्या तक्रारी झाल्या. पोलीस कारभार पाहणारे मार्क्विस कावूर यांना तर या जमावात बंडाचा वास येई. अखेर फिलिप्पी बंधूंचे कुरण भाड्याने घेतले. पण मुलांच्या पायांखाली गवताची मुळेसुद्धा उरत नाहीत, म्हणून मालकांनी तेही सोडावयास सांगितले. १८४६ चा झावळ्यांचा रविवार हा तेथील शेवटचा. चारशेच्या आसपास मुले आणि पुढच्या रविवारी जायचे कोठे, याचा पत्ता नाही! त्याच दिवशी वाल्दोक्को येथील पिनार्दी यांची पडवी मिळाली, आणि १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, मेळा तेथे स्थिरावला.

मुलींना मात्र थांबावे लागले. मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह मोर्नेझे येथे भगिनींचा संघ स्थापन झाला तो १८७२ साली.

वाल्दोक्कोच्या अंगणालाही किंमत पडलीच. १८४८ च्या युद्धज्वराच्या दिवसांत ब्रोझियो नावाचा माजी सैनिक मुलांकडून लाकडी बंदुकांची कवायत करून घेई. एकदा लुटुपुटीची लढाई रंगली आणि डॉन बॉस्को यांच्या मातोश्री मार्गारेता यांनी कष्टाने वाढविलेला भाजीचा मळा पार तुडविला गेला. त्यांनी लेकाकडे गाऱ्हाणे नेले. मुलेच ती, त्याला काय करणार, एवढेच तो हसून म्हणाला.