ऐकणारा पाद्री

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मला उपदेशक पुष्कळ भेटले, ऐकणारे थोडे. म्हणूनच चॅड व्हारा या इंग्रज पाद्र्यांची हकीकत मनात घर करून राहिली आहे.

१९३५ साली लिंकन शहरी त्यांनी पहिला अंत्यविधी केला, तो १४ वर्षांच्या एका मुलीचा. ती नुकतीच वयात आली होती. आपल्याला वाईट रोग जडला असे समजून तिने जीव दिला. विचारायला तिला कोणीच नव्हते!

१९५३ मध्ये व्हारा लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये आले. जिवाला कंटाळलेल्यांसाठी त्यांनी तिथे टेलिफोन ठेवला. २ नोव्हेंबरला पहिली घंटा वाजली. पुढे भेटायला येणारेही वाढले. खोळंबलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांचे बोलणे ऐकत. व्हारांच्या ध्यानी आले, कित्येकजण त्यांना न भेटताच हलक्या मनाने परततात! आपले कोणी ऐकावे, हीच त्या शहराची भूक होती. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे काम स्वयंसेवकांवरच सोपविले. तीच ‘समॅरिटन्स’ संस्था. आपला धर्म कोणावर लादायचा नाही, हा तिचा नियम.

वाचकहो, फराळाला जाल तेव्हा कोपऱ्यात एखादे माणूस गप्प दिसेल. त्याच्याशेजारी जरा बसा.