सर्पगंधेचे मूळ

रायपूरचा गोल बाजार जडीबुटींसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा होऊन छत्तीसगड इंग्रजांच्या हाती गेले. पुढे इंग्रजही गेले. राजवटी पालटल्या, परंतु रानातील मुळ्या, साली व फळे बाजारात येण्याचा क्रम खंडला नाही. या मालापैकी हिरडा झाडाखाली वेचता येतो. सर्पगंधा मात्र उपटावीच लागते, कारण तिचे औषध तिच्या मुळात आहे. तिची कीर्ती आणि तिचा नाश, दोहोंचे कारण हेच होय.

सर्पगंधा हे हातभर उंचीचे झुडूप. फुले पांढरी, त्यांचे देठ तांबडे, फळे पिकली की जांभळट काळी. सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर तिची कडू मुळी देण्याची चाल प्राचीन आहे. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. त्याचे पाऊल हिंदुस्थानास कधी लागले नव्हते!

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील एक द्रव्य वेगळे करून, हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘अजमलीन’ ठेवले. तथापि जगाचे लक्ष वेधले ते मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या लेखाने. रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील अनुभव त्यांनी इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळातून ‘रेसर्पिन’ काढले, आणि मागणीला पूर आला.

त्या पुरात झुडूप वाहून गेले. मुळी पोसण्यास दोन-तीन वर्षे लागतात, खणण्यास काही क्षण. अखेर भारत सरकारने १९६९ साली मुळांची निर्यात बंद केली. १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले. मनाला खिन्नता आणणारे दोष आढळल्याने व नवी औषधे निघाल्याने रेसर्पिनचे महत्त्वही पुढे ओसरले. रानातली सर्पगंधा मात्र त्या वेगाने परतली नाही.

गोल बाजारातील तराजूला मुळीचे वजन कळते, तिचे वय कळत नाही. फळे पिकून बी भुईवर पडण्यापूर्वीच जे झुडूप उपटले गेले, त्याच्या जागी पुढील पावसाळ्यात दुसरे उगवत नाही.