वस्तूंचा गोळा आणि इतिहासाचे साधन : ‘कातामारी दामाशी’ या जपानी व्हिडिओ गेमचा विचार

दैनंदिन वापरातील वस्तू हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय, ही भूमिका फर्नांद ब्रोदेल यांच्या १९६७ मधील भौतिक जीवनविषयक ग्रंथानंतर अभ्यासकांना अपरिचित राहिलेली नाही. मात्र अशा वस्तूंची नोंद एखाद्या व्हिडिओ गेममध्ये मिळू शकते, हे मान्य करण्यास इतिहासकार सहसा तयार नसतात. नामको या जपानी कंपनीने मार्च २००४ मध्ये प्लेस्टेशन २ साठी प्रसिद्ध केलेला ‘कातामारी दामाशी’ हा गेम या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

गेमचे कथानक गमतीदार आहे. विश्वाचा राजा बेताल वागून आकाशातील तारे नष्ट करतो व ते पुन्हा घडविण्याचे काम जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीच्या राजपुत्रावर सोपवितो. राजपुत्र पृथ्वीवर एक चिकट गोळा ढकलीत फिरतो. गोळ्याहून लहान असलेली वस्तू त्याला चिकटते, मोठी वस्तू त्याला अडविते. आरंभी घरातील टाचण्या व खोडरबर, पुढे गायी, माणसे, मोटारी आणि अखेरीस इमारतीही त्यात सामावतात. (‘कातामारी’ म्हणजे गोळा व ‘दामाशी’ म्हणजे आत्मा, या दोन शब्दांची चित्रलिपीतील चिन्हे एकमेकांशी मिळतीजुळती आहेत, हा श्लेष भाषांतरात हरवतो.)

गेमचे निर्माते केइता ताकाहाशी यांचे शिक्षण मुसाशिनो कला विद्यापीठात शिल्पकलेचे झाले होते, ही बाब दुय्यम नाही. शिल्पकाराला वस्तूचे आकारमान प्रथम दिसते, आणि या गेममध्ये वस्तूचा तोच एक गुण मोजला जातो. युद्धोत्तर जपानमध्ये याच्या नेमके उलट घडले होते. १९५० च्या दशकात दूरदर्शन संच, धुलाईयंत्र व शीतकपाट यांना ‘तीन पवित्र खजिने’ म्हटले जाई. ही नावे मुळात सम्राटाच्या राजचिन्हांची. त्या काळी वस्तू कुटुंबाची प्रतिष्ठा ठरवीत असे. १९९० च्या सुमारास फुगवट्याची अर्थव्यवस्था कोसळल्यानंतर वाढलेल्या पिढीच्या या गेममध्ये किंमत, मालकी व प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी पुसल्या जातात. उपभोगवादी समाजाविषयीची टीका ताकाहाशी यांनी मुलाखतींतूनही सूचित केली आहे. तथापि खेळणाऱ्याला मिळणारा आनंद हा संचयाचाच आनंद असतो, हे विसरता येत नाही. टीका आणि टीकेचा विषय येथे एकाच गोळ्याला चिकटलेले आहेत.

साधन म्हणून या गेमच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्यातील वस्तू रचनाकारांनी निवडलेल्या असून यंत्राच्या क्षमतेनुसार त्यांचे आकार ढोबळ केलेले आहेत. त्यामुळे २००४ मधील जपानी घराचे यथातथ्य चित्र त्यात शोधणे चुकीचे ठरेल. घर कसे आठवले जात होते, याचाच तो पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये ज्या १४ व्हिडिओ गेमची निवड केली, त्यांत याचा समावेश झाला. परंतु तेथे त्याचे मूल्य रचनेचा नमुना म्हणून आहे.

गोळा केलेल्या वस्तूंची नोंदवही गेममध्येच असून प्रत्येक वस्तूला नाव व विनोदी वर्णन दिलेले आहे. जपान सरकारने १९५९ पासून दर पाच वर्षांनी केलेल्या कौटुंबिक उपभोगाच्या पाहणीतील एक फेरी नेमकी २००४ मध्ये झाली. त्या पाहणीत घरातील टिकाऊ वस्तूंची गणना होती. टाचणी व खोडरबर यांना मात्र केवळ या दुसऱ्या नोंदवहीतच स्थान मिळाले.