हॉपच्या मळ्यातला क्लब : ख्मेल ब्लशनी

ख्मेल ब्लशनी हा चेक प्रजासत्ताकातल्या एका चिमुकल्या गावाचा फुटबॉल क्लब. 1946 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 1998 ते 2006 असे सलग आठ हंगाम देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. ब्लशनी गाव प्रागच्या पश्चिमेला सुमारे 70 किलोमीटरवर, ब्लशान्का नदीच्या काठी वसले आहे. त्याला शहर म्हणायचे ते कागदोपत्री. आसपासच्या वाड्या धरूनही वस्ती जेमतेम हजाराची. क्लबच्या मैदानात 2,300 प्रेक्षक मावत. म्हणजे सगळा गाव, तान्ह्या मुलांसकट, सामन्याला आला असता तरी निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहिली असती. प्रागचे स्पार्ता आणि स्लाविया हे मातब्बर संघ दरवर्षी या मैदानावर खेळायला येत.

क्लबच्या नावातला ‘ख्मेल’ म्हणजे हॉप. बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी ही वेल हेच या मुलुखाचे मुख्य पीक. जवळच्या झातेत्स गावाच्या नावाने ओळखला जाणारा हॉप जगभरातल्या बिअर कारखान्यांत जातो. हॉपचा मळा लांबूनही ओळखू येतो. खांबांवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांना बांधलेल्या आधारावरून वेली सात मीटरपर्यंत चढतात. नाशिककडच्या द्राक्षाच्या मांडवाच्या तिपटीहून ही उंची जास्त. मळ्यात फक्त मादी वेली लावतात, कारण शंकूसारखी फुले त्यांनाच येतात. ऑगस्टच्या अखेरीस तोडणी सुरू होते. ओली फुले टिकत नाहीत, म्हणून ती लगोलग भट्टीत वाळवावी लागतात. तोडणीच्या दोन-तीन आठवड्यांत माणसे मिळतील तितकी कमीच पडत. कम्युनिस्ट राजवटीत शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या टोळ्याच्या टोळ्या या कामावर धाडल्या जात. 1964 चा ‘स्तार्त्सी ना ख्मेलू’ हा लोकप्रिय संगीतपट अशाच एका टोळीची गोष्ट सांगतो.

क्लबचे स्थापनावर्षही नीट पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या भागात बहुसंख्य लोक जर्मनभाषक होते आणि गावाला ते फ्ल्योहाउ म्हणत. 1938 च्या म्युनिक करारानंतर हा पट्टा जर्मनीला जोडला गेला. युद्ध संपल्यावर जर्मन रहिवाशांची हकालपट्टी झाली आणि रिकाम्या घरांत देशाच्या आतल्या भागातले चेक आणि स्लोव्हाक येऊन राहू लागले. 1947 मध्ये व्होलिनियातले, म्हणजे आजच्या युक्रेनमधले, चेकही झातेत्सच्या परिसरात आले. तिकडेही हॉपची लागवड करत असल्याने हे पीक त्यांना नवे नव्हते. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे शेजारी होत होती, त्याच काळात ब्लशनीत फुटबॉल क्लब निघाला. त्याला गावची जुनी परंपरा वगैरे काही नव्हती. गावातले लोकच नवे होते.

पुढची चार दशके हा क्लब खालच्या श्रेणीत, आसपासच्या गावांशी सामने खेळत राहिला. त्या काळी चेकोस्लोव्हाकियात खेळाडू कागदावर हौशीच असत. पोसणारी संस्था मात्र ठरलेली असे. प्रागचा दुक्ला सैन्याचा, ऑस्त्रावाचा बानिक खाणकामगारांचा, आणि खेड्यातला क्लब बहुधा सामुदायिक शेतीच्या सहकारी संस्थेच्या आसऱ्याचा. 1989 मध्ये राजवट कोसळली आणि ही सगळी व्यवस्था मोडली. मोठमोठ्या कारखान्यांचे क्लब डबघाईला आले. ज्या गावाला खिसा सैल सोडणारा माणूस मिळाला, ते गाव नकाशावरच्या आपल्या आकाराचा विचार न करता वर चढू लागले.

ब्लशनीला असा माणूस मिळाला तो फ्रांतिशेक ख्वालोव्स्की यांच्या रूपाने. ते क्लबचे सर्वेसर्वा होतेच, शिवाय 1993 पासून चेक फुटबॉल संघटनेचेही अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत राष्ट्रीय संघ 1996 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. देशाच्या फुटबॉलची सूत्रे ज्याच्या हाती, त्याचाच क्लब त्या देशाच्या लीगमध्ये खेळतो, ही गोष्ट कुणालाही खटकावी अशीच होती. पण म्हणून ब्लशनीचे यश नुसते वशिल्याचे म्हणता येत नाही. आठ हंगाम टिकून राहायला मैदानावर गुण मिळवावेच लागतात. शिवाय तरुण खेळाडू हेरण्यात हा क्लब खरोखर वाकबगार होता. मध्यफळीतला यान शिमाक इथूनच 2000 मध्ये जर्मनीच्या हानोव्हर क्लबकडे गेला.

ब्लशनीचे नाव देशाबाहेर गेले ते मात्र एका गोलरक्षकामुळे. पिल्झेनमध्ये जन्मलेला पेत्र चेक 1999 मध्ये या क्लबात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी, स्पार्ताविरुद्ध तो पहिल्यांदा लीगमध्ये उतरला. पुढच्या हंगामात तो संघाचा नियमित गोलरक्षक झाला आणि 2001 मध्ये स्पार्ताने त्याला उचलले. 2002 मध्ये 21 वर्षांखालील युरोपीय विजेतेपद, मग फ्रान्समधला रेन, 2004 पासून चेल्सी आणि 2012 मध्ये चॅम्पियन्स लीग, अशी त्याची पुढची वाटचाल झाली. डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतीनंतर शिरस्त्राण घालून खेळणारा चेल्सीचा गोलरक्षक म्हणून टीव्हीवर प्रीमियर लीग पाहणारे मराठी प्रेक्षकही त्याला ओळखतात. राष्ट्रीय संघाकडून तो 124 सामने खेळला. चेक फुटबॉलमध्ये हा विक्रम आहे.

चेक ज्या वर्षी गेला, त्याच 2001 मध्ये ख्वालोव्स्कींना बँक कर्जांच्या प्रकरणात अटक झाली. संघटनेचे अध्यक्षपद गेले आणि न्यायालयीन लढाई पुढे कैक वर्षे चालली. क्लब लगेच कोसळला नाही, आणखी पाच हंगाम त्याने पहिल्या श्रेणीत रेटून नेले. पण एवढ्याशा मैदानाच्या तिकीटविक्रीवर व्यावसायिक संघाचे पगार निघत नाहीत, आणि चेकसारखा खेळाडू काही दर वर्षी विकायला मिळत नाही. 2005-06 च्या हंगामाअखेर यिहलावाच्या संघाबरोबर ब्लशनीचीही पदावनती झाली.

हा प्रकार एकट्या ब्लशनीचा नाही. मोराव्हियातले द्रनोव्हित्से हे खेडेही 1993 मध्ये पहिल्या लीगमध्ये आले. त्यांचा रादेक द्रुलाक 1995 आणि 1996 मध्ये लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. 1999-2000 मध्ये संघाने थेट तिसरा क्रमांक पटकावला आणि पुढच्या मोसमात यूएफा कपमध्ये म्युनिकच्या 1860 संघाशी दोन सामने खेळले. तिथेही पैशाचा झरा आटताच खेळ आटोपला. दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांनी संघावर जीव लावला, पण संघ गावाच्या ऐपतीवर उभा नव्हता आणि गावाला तो पेलणारही नव्हता.

यानंतर ब्लशनीची घसरण थांबली नाही. एकेक श्रेणी उतरत संघ पुन्हा आसपासच्या गावांशी खेळू लागला. परिसरातल्या हॉपचेही दिवस तसेच होते. 1990 च्या सुमारास देशात 10 हजार हेक्टरांच्या आसपास असलेली लागवड पंचवीस वर्षांत निम्म्याखाली आली. हॉप मात्र तगला आणि 2023 मध्ये झातेत्स व तिथल्या हॉपच्या मळ्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. क्लब त्याआधीच, 2016 मध्ये, बंद झाला होता.