नाताळ किती जुना? : सणावर संशोधन करताना चुकीचा आणि बरोबर प्रश्न

"सणावर पीएचडी होते का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलेला असतो. कारण सण म्हणजे मजा, फराळ, पाहुणे. त्यात संशोधन करण्यासारखं काय? पुन्हा विषय मांडताना समोरचे परीक्षक विचारतात, "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" आणि आपण म्हणतो, "अमुक सणाची परंपरा." परंपरा हा प्रश्न नव्हे, विषयही नव्हे. तो फार तर फायलीवर लिहायचा शब्द.

मी मुंबईतल्या नाताळावर काम करते. सुरुवातीला मीही हीच चूक केली. ती कशी सुटत गेली ते आज सांगते. तुमचा विषय गणपती असो, उरूस असो की गावची जत्रा, पद्धत थोड्याफार फरकाने तीच लागेल.

शब्दापासून सुरुवात करा

मराठीत या सणाला दोन नावं आहेत: नाताळ आणि ख्रिसमस. आपण दोन्ही सरसकट वापरतो. पण दोन शब्द दोन वेगळ्या दारांनी घरात आलेत. 'नाताळ' आला पोर्तुगीज 'नाताल'वरून, म्हणजे जन्म, जन्मोत्सव. आपला पाव, बटाटा, चावी, पगार ज्या वाटेने आले, तीच ही वाट. 'ख्रिसमस' आला इंग्रजीतून, बराच नंतर.

म्हणजे कागद उघडायच्या आधीच शब्दाने सांगितलं की मराठी भाषकांची या सणाशी ओळख इंग्रजांच्या आधीची आहे. इतिहासही तेच सांगतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी आणि मुंबईची बेटंही होती. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा इथल्याच जातींमधले लोक ख्रिस्ती झाले, पण गाव तेच राहिलं, शेती-मासेमारी तीच राहिली आणि घरात बोलायची भाषाही मराठीच राहिली.

मग तारीख तपासा

आता गंमत बघा. नाताळ २५ डिसेंबरला, यात तपासायचं काय? मलाही असंच वाटलं होतं.

पोर्तुगालने ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं. इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना द्यायचं ठरलं १६६१ मध्ये, प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ मध्ये. पण माहीमच्या खाडीपलीकडचं वांद्रं आणि सगळी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, ती १७३७-३९ च्या चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेपर्यंत. म्हणजे साधारण पाऊणशे वर्षं खाडीच्या दोन काठांवर दोन कॅलेंडरं चालू होती. वांद्र्यात नाताळ होऊन गेला तरी मुंबईच्या इंग्रजांच्या दफ्तरात डिसेंबरचा मध्यच चालू असायचा. त्यांचा २५ डिसेंबर उजाडायचा तेव्हा पलीकडे ४ जानेवारी असायची. १७०० नंतर तर फरक अकरा दिवसांचा झाला. त्यात इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं, ते वेगळंच.

हे फक्त गमतीसाठी सांगत नाहीये. इंग्रजी पत्रात 'जानेवारी १६७०' दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १६७१ असू शकतं. त्याच काळातले मराठी कागद शुहूर सनात आणि चांद्रमासात असतात. तीन भाषांमधले कागद एकाच घटनेबद्दल बोलत असतील, तर आधी तारखांचा तक्ता करा. मी तो केला नव्हता आणि दोन आठवडे एक पत्र दुसऱ्या पत्राचं 'उत्तर' समजून वाचत होते. प्रत्यक्षात ते आधीचं होतं.

'मिशनऱ्यांनी आणला' असं गृहीत धरू नका

दुसरा मोठा समज: मराठी प्रोटेस्टंटांकडे नाताळ मिशनऱ्यांमुळे आला. ऐकायला किती सरळ वाटतं! पण जरा मिशनऱ्यांच्या घरात डोकावून बघू.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे प्युरिटनांचे वारस. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यावर बंदी होती, केला तर पाच शिलिंग दंड. बंदी १६८१ मध्ये उठली, पण तिथे नाताळ कायदेशीर सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले ते स्कॉटलंडहून. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चलाही हा सण नकोसाच होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ मध्ये!

म्हणजे ज्यांनी सण आणला असं आपण म्हणतो, त्यांच्याच गावी तो धड होत नव्हता. मग आज मराठी ख्रिस्ती घरांत दिसणारा नाताळ घडला कसा? इथे खरा रिसर्च क्वेश्चन जन्माला येतो. उत्तराचे धागे अनेक आहेत. अँग्लिकन सरकारची सुट्टी हा एक. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्येच नाताळ 'कौटुंबिक' झाला, हा दुसरा. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ चं. राणीच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं गाजलेलं चित्र १८४८ चं. आणि तिसरा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा धागा म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसं स्वतः. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. पेटी, टाळ आणि अभंगाच्या चालीवरचं गाणं ही बाहेरून आलेली गोष्ट नव्हती. सण 'येत' नाही, लोक तो बसवतात. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'चे जुने अंक हाताशी असतील तर फक्त डिसेंबर-जानेवारीचे अंक ओळीने वाचा. एकेका वर्षी काय आहे, त्यापेक्षा काय नाही याची नोंद ठेवा.

'आमचा' म्हणजे कोणाचा?

मुंबईतला नाताळ एका समाजाचा नाही. एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक कामाला येऊ लागले. सरकारदरबारी सगळेच 'पोर्तुगीज ख्रिश्चन'. इथल्या मूळच्या मराठी भाषक कॅथलिकांना या सरमिसळीत आपली ओळख आणि नोकऱ्या दोन्ही जातील असं वाटलं. २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झालं. 'ईस्ट इंडियन' हे नाव ईस्ट इंडिया कंपनीवरून. पश्चिम किनाऱ्यावरचे लोक 'ईस्ट इंडियन' का, हे कोडं इथे सुटतं.

तिकडे धोबीतलाव-गिरगावात गोव्याच्या एकेका गावाचे 'कूड' होते. जहाजावर नोकरी करणारे पुरुष तिथे राहायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीशी वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. नाताळात ज्याला बोट मिळाली नाही किंवा ज्याचं जहाज पुढच्या आठवड्यात सुटणार होतं, त्याचं कुटुंब म्हणजे तो कूडच. तेव्हा 'कुटुंबासोबतचा सण' असं वाक्य लिहिण्याआधी विचारा: कुटुंब म्हणजे कोण? छप्पर कोणतं? चूल कोणाची?

मी विचारलेला चुकीचा प्रश्न

आता फील्डवर्क. एका जुन्या गावठाणात मी एका ईस्ट इंडियन आंटींकडे गेले होते. डिसेंबरचा तिसरा आठवडा. टेबलावर कुलकुलाचं पीठ मळून ठेवलेलं. मला काट्याच्या उलट्या बाजूवर गोळी दाबून वळायला शिकवलं. माझी पहिली पाच फुटली, त्या हसल्या. मी रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "आंटी, ही परंपरा किती जुनी आहे?"

"फार जुनी. आईच्या वेळेपासून," त्या म्हणाल्या. संपलं. दुसरं काय सांगणार? 'किती जुनी' याचं उत्तर माणसाच्या आठवणीत नसतं. तो प्रश्न कागदांना विचारायचा. माणसाला विचारायचं ते त्याच्या हातून झालेलं काम.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "ताटं कोणाकोणाकडे जातात?" नाताळला घरी केलेलं गोडधोड, म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान, ताटात मांडून वर क्रोशाचा रुमाल घालून शेजारीपाजारी पाठवतात. आंटी उठल्या आणि पाककृतींची वही घेऊन आल्या. वहीच्या मागच्या पानांवर यादी होती. घरांची नावं आणि पुढे दरवर्षीची खूण. कोणाला अंड्याशिवाय, कोणाला फक्त नेवऱ्या. दिवाळीत ज्यांच्याकडून करंज्या येतात, त्यांच्या नावापुढे वेगळी टिकली. रिकामं ताट परत पाठवायचं नाही हा नियम दोन्ही बाजूंनी पाळलेला.

आणि काही नावांवर रेघ. एकापुढे 'कॅनडा'. एकापुढे 'वसई'. दोघांपुढे क्रूस. एका ओळीत सलग चार नावं खोडलेली, तिथे आता टॉवर आहे. "खाली वॉचमन विचारतो कुठल्या फ्लॅटला," आंटी म्हणाल्या. "आधी दारं उघडी असायची."

मला लायब्ररीत दोन वर्षांत जे मिळालं नव्हतं ते त्या अडीच पानांत होतं. गावठाणाचा नकाशा होता, स्थलांतर होतं, धर्मापलीकडची देवघेव होती आणि जमिनीचा व्यवहारही होता. एकही 'इतिहास' म्हणून लिहिलेलं नाही. कोणाला किती कुलकुल पाठवायची, एवढाच हिशेब.

मी फोटो काढू का विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. लोकांची नावं आहेत." मग म्हणाल्या, "आम्ही बाहेरचे नाही हे लिहिशील का?" मी गप्प बसले. कारण प्रबंध कोणाचं इथलं असणं 'सिद्ध' करायला लिहायचा नसतो, हे मला शिकवलं होतं. पण चार शतकं मराठी बोलणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा लागतो, ही गोष्ट माझ्या प्रबंधाबाहेर ठेवणं हा तटस्थपणा नव्हे. तो प्रश्नच मी आता एका प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवलाय. फोटो मात्र काढला नाही. नावं न घेता नोंदी केल्या आणि त्या त्यांना वाचून दाखवल्या.

नाव तेच, वेळ वेगळी

शेवटचं उदाहरण, म्हणजे 'बदल' कसा पकडायचा ते कळेल. नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा 'मिडनाईट मास' म्हणून ओळखली जाते. मुंबईत गर्दी मावत नाही, म्हणून ती बऱ्याच ठिकाणी चर्चच्या आवारात, उघड्यावर होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. परिणामी अनेक चर्चमध्ये मिस्सा मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होऊ लागली. नाव मात्र 'मिडनाईट'च राहिलं. घरातलं जेवण, लहान मुलांची झोप, भेटायला जायच्या वेळा, सगळंच त्याबरोबर सरकलं. सणाचा इतिहास चर्चच्या वहीत जितका असतो, तितकाच सरकारी राजपत्रातही असतो.

तर या डिसेंबरात, किंवा तुमच्या सणाच्या महिन्यात, एवढं करा. सणाचं नाव कुठल्या भाषेतून आलं ते शोधा. तारखांचा तक्ता करा. 'अमक्याने आणला' असं वाक्य सापडलं की त्या अमक्याच्या गावी काय चालायचं ते तपासा. आणि घरी गेलात तर 'किती जुनं?' विचारू नका. विचारा: कोण करायचं, कोणाला पाठवायचं, आणि यादीतलं कोणतं नाव कधी खोडलं?

आणि हो, आंटींचं ताट माझ्याकडेच राहिलंय. या आठवड्यात तिळाच्या वड्या करायला घेतल्यात. रिकामं कसं परत करणार?